समुद्र दिल्लीचा, मग जिल्ह्यात मत्स्य कार्यालय कशाला?

सध्या किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: घटनेच्या कलम 297 नुसार समुद्र केंद्राचा आहे, एलईडी नौका (प्रखर दिव्यांनी मासे खेचून पकडणाऱ्या), परराज्यातले ट्रॉलर, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे निर्बंध), बंदरं, हायवे यांपैकी काहीच राज्याच्या हातात नाही, मोर्चा काढायचा तर दिल्लीत काढा. मेसेज ज्यांच्या सोयीचा आहे तेच तो जास्त उत्साहाने पुढे ढकलतायत, हेही दिसतंय.

आधी कलम 297. क्षेत्रीय समुद्राच्या तळाखालची जमीन, खनिजं आणि इतर मौल्यवान वस्तू केंद्राच्या, असं ते सांगतं. पाण्यातला बांगडा तळाखाली नसतो. मासेमारी हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र-राज्यांच्या अधिकारांच्या याद्यांत, राज्यसूचीच्या 21व्या नोंदीत आहे. केंद्रसूचीत 57वी नोंद आहे खरी, पण ती क्षेत्रीय समुद्राच्या पलीकडच्या मासेमारीची. मेसेजवाल्याने नेमका 'पलीकडच्या' एवढाच भाग गाळलाय. ही हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. रापणीचं जाळं तर किनाऱ्यावरूनच ओढतात. छोटे गिलनेटवालेही बहुतेक याच पट्ट्यात असतात, आणि भांडणंही इथेच होतात.

या पट्ट्यासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा. परवाना राज्य देतं, गस्तीनौका राज्याची, नौका पकडून कारवाई करायची ती राज्याच्याच अधिकाऱ्याने. 2016 साली पर्ससीनला (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याला) सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवणारा आदेश मुंबईतून निघाला, दिल्लीतून नव्हे. 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला आणि सुनावणी तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे दिली. 2025 पासून ड्रोनही उडतायत. अधिकार नसता तर एवढा खर्च कशाला केला असता? मलपीकडचा ट्रॉलर 12 मैलांच्या आत घुसला तर तो कर्नाटकचा म्हणून सुटत नाही; पाणी महाराष्ट्राचं, कायदाही महाराष्ट्राचा.

12 मैलांपलीकडे 200 मैलांपर्यंत केंद्राचं चालतं, हे मान्य. पण तिथेही एलईडीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातलीय. म्हणजे आत बंदी, बाहेरही बंदी. तरी रात्री क्षितिजावर लख्ख उजेड दिसतो, तो अधिकार नसल्यामुळे नव्हे. ती नौका जनरेटर आणि दिव्यांसकट शेवटी राज्यातल्याच कुठल्यातरी जेटीला लागते. तिथे चढून बघायला कुठल्या घटनादुरुस्तीची वाट बघायची?

पावसाळी बंदीतही हेच दिसतं. 1 जून ते 31 जुलै ही तारीख एकच, पण आदेश दोन: आतला राज्याचा, बाहेरचा केंद्राचा.

सीआरझेडची अधिसूचना केंद्राची आहे, यात वाद नाही. मात्र किनारा व्यवस्थापन आराखडा तयार करायचा असतो राज्याने, केंद्र त्याला मंजुरी देतं. आपल्या गावाची भरतीरेषा नकाशात चुकली असेल, तर पहिली हरकत राज्याकडेच घ्यायची.

हायवेचं तर विचारूच नका. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, पण मुंबई-गोव्याचा इंदापूर ते झाराप हा पट्टा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडून करून घेतला जातोय. भूसंपादनाच्या नोटिसांवर सही प्रांताधिकाऱ्याची. खड्ड्यांची जबाबदारी दोघांत नीट वाटलेली आहे.

आणि नाणार इतक्यात विसरलो? तिथली रिफायनरी केंद्राच्या तेल कंपन्यांची होती. जमिनीची अधिसूचना मात्र राज्याने आपल्या औद्योगिक विकास कायद्याखाली काढली होती. विरोध वाढला, निवडणूक जवळ आली आणि मार्च 2019 मध्ये राज्यानेच ती मागे घेतली. 'हातात काहीच नाही' म्हणणाऱ्यांनी हे एवढं एक समजावून सांगावं.

काही ठिकाणी मेसेज बरोबर आहे. जैतापूरची अणुऊर्जा केंद्रसूचीतली. वाढवण हे मोठं बंदर, तेही केंद्राचं; जयगड, दिघी, रेडी यांसारखी छोटी बंदरं मात्र समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीत येतात आणि त्यांचा कारभार राज्याचं मेरीटाईम बोर्ड बघतं. जैतापूर-वाढवणचा मोर्चा खुशाल दिल्लीला न्या. एलईडीची तक्रार मात्र जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांकडे लेखीच द्या. नौकेचा क्रमांक, वेळ आणि जीपीएसची नोंद त्यात घाला, पोच घ्या, आणि सुनावणी कधी ठेवली ते पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.