वाचनालयासाठी पैसे मागायला निघालेल्यांना काही मोलाच्या सूचना

तर तुम्हालाही वाटायला लागलंय का, की आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे? म्हणजे दोनचार लोक गोळा करावेत, निवेदन लिहावं, अनुदान वेळेवर द्या, थोडं वाढवा, नगरपालिकेनेही हात सैल सोडावा, असं कुणाला तरी जाऊन सांगावं? छान. वेळ मोकळा दिसतोय. मी गेल्या आठवड्यात हे सगळं करून आलेय आणि डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा अनुभव ताजा आहे तोवर चार गोष्टी सांगून टाकते.

सगळ्यात आधी, पैशाचा विषय काढायचाच नाही. 'वाचनसंस्कृती' म्हणायचं. वाचनसंस्कृतीला पैसे लागत नाहीत, तिला एक समई, दोन हार आणि माईकवाला लागतो. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि 2024 पासून तर मराठी अभिजात पण झालीये, म्हणजे भाषणाला विषयांची काही कमी नाही. पाहुणे 'ग्रंथ हेच गुरू' म्हणाले की टाळ्या वाजवा. त्याच वेळी उठून 'गुरूंच्या कपाटावर पाणी गळतंय' असं सांगू नका, वाईट दिसतं, आणि फोटोग्राफरची फ्रेम पण बिघडते.

निवेदनाची पोच मागा. मिळणार नाही, पण मागा.

फक्त फोटोत दिसेल अशीच वस्तू मागा. आम्ही काय मागितलं? छताची दुरुस्ती आणि ग्रंथपालाच्या मानधनात नगरपालिकेची काहीतरी भर. आता यात दिसण्यासारखं काय आहे सांगा! छत दुरुस्त झालं तर ते दिसत नाही, गळायचं थांबतं एवढंच. पोट भरलेला ग्रंथपाल पण लांबून तसाच दिसतो. त्यामुळे ज्यांच्याकडे आम्ही गेलो (पद सांगत नाही, तुमच्याकडेही असतंच कुणीतरी) त्यांच्या पीएने मोबाईलवरची नजर न काढता आधी विचारलं, 'पण मॅडम, आजकाल वाचतं कोण?' आणि मग मोठ्या मनाने ऑफर दिली की रस्त्याच्या तोंडाशी स्वागत कमान करून देऊ. वाचनालयाची कमान. वर एलईडीमध्ये नाव. आणि कमान होतेच आहे तर वाचनालयाला साहेबांच्या वडिलांचं नाव द्यायला काही हरकत आहे का, तेवढं कमिटीत बोलून घ्या. म्हणजे पुस्तकं भिजतील, पण भिजतील ती एका प्रतिष्ठित नावाखाली.

ओपन जिम, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट हे पण चालतं. पुस्तक सोडून काहीही मागा.

इतिहास सांगायचा मोह आवरा. आमच्यातल्या एका निवृत्त सरांना तो आवरला नाही. त्यांनी सुरू केलं, रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या माणसाला बडोद्याला बोलावून अख्ख्या संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यात पाठवली, कोल्हापूर संस्थानाने तर 1945 लाच ग्रंथालयांचा कायदा केला, स्वातंत्र्याच्या आधी, मद्रासच्या कायद्याच्याही आधी. साहेब लक्ष देऊन ऐकत होते असं आम्हाला वाटलं. सगळं ऐकून म्हणाले, 'बघा, म्हणजे एवढी वर्षं चाललंच आहे ना?' सर गप्प बसले. काय बोलणार? दोनशे वर्षं लोकांनी वर्गण्या काढून एखादी गोष्ट जिवंत ठेवली, तर ती तशीच फुकटात जिवंत राहते असा यांचा हिशोब.

कराचं नाव तर काढूच नका. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. चांगला कायदा आहे, गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकारने मान्यता द्यायची आणि अनुदान द्यायचं, पण त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, सगळं सरकारी तिजोरीच्या मर्जीवर. कर्नाटकाचा कायदा 1965 चा, तिथे घरपट्टीवर ग्रंथालय सेस, म्हणजे उपकर आहे, तमिळनाडूतही आहे. (तिकडे पण स्थानिक संस्था गोळा केलेला सेस थकवून बसतात ही गोष्ट वेगळी, पण निदान थकवायला काहीतरी आहे, बोंब मारायला हक्काची जागा आहे.) आणि आपल्या शेजारचं गोवं बघा, त्यांनी 1993 च्या कायद्यात विदेशी दारू आणि बिअरवर ग्रंथालयासाठी सेस लावला! केवढी दूरदृष्टी. आमच्याकडे हे लागू केलं तर एकट्या आमच्या आळीच्या जोरावर जिल्हा ग्रंथालय वातानुकूलित होईल. आपल्या घरपट्टीच्या बिलात वृक्षकर असतो, शिक्षणकर असतो, दुकानांच्या बिलात रोजगार हमीचाही असतो, त्यात आणखी एक ओळ ग्रंथालयाची वाढवा असं मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले तर लोकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची पार्किंगची जागा मागितली.

आता आकडे. आकडे अजिबात सांगू नका, कारण आकडे सांगितले की तुमचाच आवाज चढतो आणि समोरचा म्हणतो 'शांत व्हा, पाणी घ्या'. तरी सांगते. आमचं वाचनालय 'ड' वर्गात, म्हणजे अ ते ड या सरकारी वर्गवारीत सगळ्यात खाली, आणि अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं. 2012 च्या दरवाढीनंतर ड वर्गाला वर्षाला 30,000 रुपये मिळायचे. वर्षाला हं, महिन्याला नाही. मग तब्बल दहा वर्षांनी, 2022 मध्ये, मंत्रिमंडळाने साठ टक्के वाढ दिली. साठ टक्के! पेपरात केवढी हेडलाईन. झाले 48,000. यातले निम्मे पगारावर खर्च करायचे. म्हणजे वर्षाचे 24,000. म्हणजे महिन्याचे दोन हजार. दोन हजारात एक माणूस वाचनालय उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव बघतो, दाखल नोंद वही भरतो, फाटलेली पुस्तकं डिंक लावून चिकटवतो, तपासणी आली की चार दिवस आधीपासून सगळी रजिस्टरं अद्ययावत करतो, हिशोब ऑडिटरकडे नेतो, अहवाल जिल्ह्याला पोचवतो, एसटीच्या तिकिटाचे पैसे खिशातून घालून, आणि हे दोन हजार पण महिन्याच्या एक तारखेला नाही बरं का, अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा, आणि हप्ता कधी येईल तर फाईल हलेल तेव्हा, दिवाळी आधी आली तर दिवाळीचं आपलं आपण बघायचं. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं घ्या, वर्तमानपत्रं घ्या, लाईटबिल भरा, भाडं असेल तर ते भरा. कादंबरी आता चारशे-पाचशेच्या खाली मिळत नाही. बसा हिशोब करत. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना तुम्ही किती देता हो? त्या दोन हजारात एका घरचं तरी काम करतात का, आणि का करावं त्यांनी? पण ग्रंथपालाने करावं, कारण तो 'सेवा' करतोय, 'ज्ञानदान' करतोय, ज्ञानदान करणाऱ्याला किराणावाला उधार देतो अशी आपली समजूत असावी. आमचे ग्रंथपाल सकाळी पेपरची लाईन टाकतात आणि दुपारी एका दुकानात हिशोब लिहितात. लग्नाच्या वयाचा मुलगा ही नोकरी सांगत नाही, मुलीकडचे हसतात. या लोकांना वेतनश्रेणी द्या, सेवाशर्ती ठरवा म्हणून प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, धरणी झाली, मोर्चे झाले, कितीतरी मंत्र्यांनी 'सकारात्मक विचार' केला. समित्यांचे अहवाल निदान छापून वाचनालयात तरी ठेवा म्हणावं, कुणीतरी वाचेल.

'मग वर्ग बदलून घ्या ना, क मध्ये जा,' असा सल्ला आम्हाला मिळाला. 2012 पासून नव्या मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं बंद ठेवले होते हे सल्ला देणाऱ्या साहेबांना माहीत नव्हतं. खातं वेगळं असेल कदाचित.

सह्या गोळा करायला व्हॉट्सॲप ग्रुप वापरा. सगळे अंगठा दाखवतील.

वाचनालयाची अभ्यासिका झाली तरी तक्रार करू नका. हॉलमधली कपाटं भिंतीला सारून तिथे टेबलं लावलीयत, स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, दिवसभर बसतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असली तर पोराने जायचं कुठे? बसू देत. पण त्यांच्यातलाच एक, काही वर्षांपूर्वी आमच्याच खिडकीपाशी बसून पास झालेला, आज टेबलाच्या पलीकडे बसतो. ग्रंथपालांनी त्याला ओळखलं, त्यानेही ओळखलं, चहा मागवला, 'काका, तुमच्यामुळे इथवर आलो' म्हणाला, आणि मग फाईल चाळून म्हणाला की हे नियमात बसत नाही. एवढंही नाही म्हणाला की बघतो, वर कळवतो, खर्चाच्या कुठल्या हेडखाली बसेल ते शोधतो. नियमात बसत नाही! रात्री दहा वाजेपर्यंत तू बसायचास ते नियमात बसत होतं का रे? ग्रंथपाल काका स्वतःचं जेवण थंड करून किल्ली हातात धरून थांबायचे ते कुठल्या हेडखाली होतं?

असो. म्हणजे असो म्हणायचं आणि निघायचं असतं, पण आता बास झालं, मला हे उपरोधिक वगैरे जमत नाहीये, सरळ बोलते. पीए गेला खड्ड्यात. साहेब पण. मला राग तुमचा आलाय.

हो, तुमचा. निवेदनावर सह्या करायला रविवारी या म्हणून ग्रुपवर चार दिवस आधी सांगितलं होतं. तुम्ही त्याच ग्रुपवर रोज सकाळी पुस्तकांचे सुविचार टाकता, 'मराठी शाळा बंद पडतायत' म्हणून रडके इमोजी टाकता, लहानपणी वाचनालयातून आणलेली पुस्तकं एका रात्रीत कशी संपवली याच्या आठवणी लिहिता आणि खाली शंभर लोक 'अगदी अगदी' म्हणतात. रविवारी आले किती? सरांचं नातवंड धरून एका चटईवर मावलो आम्ही. एकाने तर निरोप दिला की माझं नाव टाकून द्या, सही तुम्हीच करा! वार्षिक सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास तहकूब करून त्याच खुर्च्यांवर पुन्हा सभा घ्यावी लागते. वर्गणी मागायला ग्रंथपाल दारात आले की 'अहो, हल्ली वेळच होत नाही वाचायला' म्हणून तुम्ही आतूनच सांगता. वेळ होत नसेल तर नका वाचू, कुणी जबरदस्ती केलीये, पण वर्गणी भरायला कितीसा वेळ लागतो?

आणि साहेब काय म्हणाले माहितीये, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. निघताना म्हणाले, 'तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे हो, पण माझ्याकडे गटारीसाठी लोक येतात, पाण्यासाठी येतात, मंडळाच्या वर्गणीसाठी येतात. वाचनालयासाठी तुम्हीच पहिले.' मला त्या माणसाचा संताप आला होता, पण हे वाक्य खोटं आहे असं तुम्ही सांगू शकता का? आजवर एका तरी उमेदवाराला दारात उभं करून विचारलंय तुम्ही की नगरपालिकेच्या बजेटमध्ये वाचनालयाला किती ठेवलेत? बजेट तरी कधी उघडून बघितलंय? गणपतीत रस्त्यावर मांडवासाठी खड्डे खणायला परवानगी मिळाली नाही तर दोनशे जण चालत जाता ना पालिकेवर, मग इथे पाच जणांचं निवेदन कोण कशाला वाचेल? मागत नाही त्याला कुणी घरी आणून देत नाही, आणि तुम्ही मागत तर नाहीच, वर 'सरकारला काही पडलेलीच नाही' म्हणता. तुम्हाला तरी कुठे पडलीये?

निवेदन वाचनालयात टेबलावर ठेवलंय, देवघेवीच्या रजिस्टरशेजारी, शनिवारपर्यंत. संध्याकाळी पाच ते आठ. स्वतः येऊन सही करायची, निरोप चालणार नाही. सोमवारी पालिकेत जायचंय, तिथे उभं राहायला माणसं लागतील, बोलायचं मी बघते, तुम्ही नुसतं मागे उभे राहा. आणि येताना मागच्या दोन वर्षांची थकलेली वर्गणी घेऊन या, कुणाकुणाची राहिलीये ती यादी माझ्याकडे आहे.