पायाखालचा डबा

अकूस्टिक गिटारच्या बाजूनं बोलायचं तर तिचा सगळ्यात मोठा गुण हा, की तिला काही लागत नाही. वीज नाही, वायर नाही, स्पीकर नाही. लाइट गेले तरी वाजते. घरात ती आणायची परवानगी मी याच मुद्द्यावर मिळवली होती. त्यामुळे पुढे तिच्यासाठी पेडल, म्हणजे वायरीच्या मध्ये बसणारा, पायानं दाबायचा आणि आवाज बदलणारा डबा शोधायला लागलो तेव्हा "अहो, पण तिला काही लागत नव्हतं ना?" हा प्रश्न येणारच होता. आला. अजूनही येतो, शक्यतो पाहुण्यांसमोर.

तिला काही लागत नाही हे खरंच आहे. सोसायटीच्या गणपतीला मात्र लागतं. मांडवात शेदोनशे माणसं, त्यातली निम्मी उभी, पोरांचा कल्ला, बाजूला वडे तळले जातायत. तिथं नुसती गिटार वाजवणं म्हणजे मूकाभिनय. मग वायर लावायची. आणि वायर लावली की स्पीकरमधून गिटार सोडून दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचा आवाज येतो. घरी जे 'टणण' असतं, ते मांडवात 'ट्यँव' होतं.

याला जबाबदार पिझो. तारा ब्रिजवर ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, तिच्या पोटाखाली हा झोपलेला असतो. लाकूड कुठलं, पोकळी केवढी, खोलीत हवा कशी हलली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वरून दाब बदलला की त्यानं वीज सोडायची, एवढीच नोकरी. गवयाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ख्याल ऐकावा तसा हा प्रकार आहे: ठोके बिनचूक, गाणं गायब. तर घरच्या हॉलमध्ये जो आवाज फुकट येत होता, तो मांडवात विकत आणायचा. त्यासाठी पेडल.

पण कुठलं? इथून पुढे आपल्या आयुष्यात माणसं येतात.

पहिला आला पुतण्या. तो इलेक्ट्रिक वाजवतो, म्हणजे त्याच्या खोलीचं दार बंद असतं. तो म्हणाला, "काका, सरळ ओव्हरड्राइव्ह घ्या." म्हणजे आवाज चढवून मुद्दाम फाडणारा डबा. त्याचं स्वतःचं ओव्हरड्राइव्ह लावूनही दाखवलं. अकूस्टिकच्या पोकळ पेटीचा एक लाडका सूर असतो, बहुतेक गिटारींत १०० हर्ट्झच्या आसपास. शेजारीच आपली पाचवी तार, ११० हर्ट्झवर. स्पीकरमधून तो सूर जरा जोरात आला की पेटी थरथरते, ती थरथर पिझो ऐकतो, तो स्पीकरला सांगतो, स्पीकर पुन्हा पेटीला. मी तारेला हातसुद्धा लावला नव्हता आणि खोलीत 'हूंऽऽऽ' सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, बोअरवेल खणताय का?

दुसरा मित्र म्हणाला, कोरस घे. कोरस म्हणजे आपलाच आवाज किंचित उशिरानं, किंचित हलवून आपल्यातच मिसळायचा, की एका गिटारच्या जागी दोन थोड्याशा बेसूर गिटारी वाजल्यासारखं भरदार वाटतं. बॉस कंपनीनं याचा पहिला डबा १९७६ साली काढला आणि जगभर लोकांनी तो घेतला. मला गरज वाटली नाही. माझी गिटार थोडीशी बेसूर व्हायला पावसाळा पुरतो.

मग रीव्हर्ब. आपल्याकडे याला सरसकट 'इको' म्हणतात आणि आरतीपासून लकी ड्रॉपर्यंत सगळ्याला तो लागतो. डब्यावर मात्र बरेच प्रकार असतात: रूम, हॉल, प्लेट, स्प्रिंग. एक शिमर नावाचा असतो, त्यात शेपटाला वरच्या सप्तकातले सूर चिकटतात. तो लावला की साध्या जी कॉर्डलाही मोक्ष मिळतो. मी जवळजवळ भुललो होतो. पण शिमर लावून 'सुखकर्ता दुखहर्ता' वाजवलं तर बाप्पा दीड दिवसातच निघायचे. मंगल कार्यालयाचं सेटिंग मात्र अजून कुणी काढलेलं दिसत नाही. खरी गरज त्याची आहे.

शेवटी धोबी तलावच्या एका दुकानात गेलो. काचेमागे शंभरेक रंगीबेरंगी डबे, बऱ्याच डब्यांची किंमत पाच आकडी. आणि त्यांत एकावर चक्क लिहिलेलं, 'अकूस्टिक सिम्युलेटर'. सापडलं! मला ट्यँवचं अकूस्टिक करून हवं होतं आणि बॉसनं नेमका तोच डबा काढून ठेवला होता. मी पाकीट काढलं. काउंटरमागचा मुलगा सज्जन निघाला.

"सर, गिटार इलेक्ट्रिक आहे ना?"

"नाही, अकूस्टिक."

"मग हा कशाला? हा इलेक्ट्रिकचा आवाज अकूस्टिकसारखा करतो."

"मलाही तेच हवंय."

"पण तुमची अकूस्टिकच आहे, सर."

एवढं ठाम उत्तर मला वेदान्तातही मिळालं नव्हतं. याच काउंटरवर कळलं की इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं गिटारची सतार करणारं पेडलही काढलेलं आहे. तिकडे मिरजेत भोपळा वाळवायचा, कोरायचा, जवारी काढताना कारागिराचे डोळे जायची वेळ येते, आणि इकडे पायानं खटका दाबला की सतार. मिरजेच्या आतेभावाला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याचं बीपी वाढतं.

लूपरनंही बराच वेळ खाल्ला. एक खटका, एक गोल बटण. चार मात्रा वाजवा, तो त्या अखंड वाजवत राहतो, आपण वर सोलो घ्यायचा. कल्पना सुंदर आहे. फक्त आपली लय आपल्याला इतक्या प्रामाणिकपणे, इतक्या वेळा कुणी ऐकवू नये. दोन तास तबलजीनं तोंडावर बोललेलं परवडलं.

आणि डबा ठरला तरी खरेदी संपत नाही, कारण पॉवर सप्लाय वेगळा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात, तेही पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन. घरातले अडॅप्टर सहसा नेमके उलटे. माझ्या ड्रॉवरमध्ये मेलेल्या राउटरांचे अडॅप्टर आहेत, ते मी कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपलेत. त्यातला एकही चालणार नव्हता. शिवाय मिलिअँपिअर बघायचे. साध्या ॲनालॉग डब्याचं दहा-वीसवर भागतं. डिजिटल रीव्हर्बला शंभर आणि त्याहून जास्तही हवे असतात, घरजावई जसा. गिटारच्या पोटात आणखी एक ९ व्होल्टची बॅटरी असते ती वेगळीच. जॅकमध्ये वायर राहिली की ती रात्रभर गुपचूप संपते आणि कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं हे जाहीर करते.

मी घेतला तो प्रीअँप, म्हणजे स्पीकरकडे जायच्या आधी आवाज ठाकठीक करणारा. सगळ्यांत कंटाळवाणा डबा. बास, मिड, ट्रेबल, ट्यूनर, फेज उलटा करायचं एक बटण, आणि नॉच: 'हूं' ज्या सुरावर उठतो तेवढाच सूर शोधून कापायचा. शिमर नाही, मोक्ष नाही. पुतण्यानं बघून "ओके" म्हटलं. बायकोनं विचारलं, "यातून काय वाजतं?" यातून काही वाजत नाही, वाजणारं थांबतं, हे मी सांगितलं नाही. बिल खिशात होतं.

गणपतीत माझा नंबर महिला मंडळाच्या मंगळागौरीनंतर आला. दुसऱ्या कडव्याला ठरल्याप्रमाणे 'हूंऽऽऽ' उठला. पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात नेले. साउंडवाला दादा चहा ठेवून मिक्सरकडे धावला. मी वाकलो, नॉच फिरवला, १०० च्या जरा पुढे गेलो, आणि हूं गेला. नुसता गेला नाही, मागे लाकडाचा गोड आवाज ठेवून गेला.

दादानं तेवढ्यात मिक्सरवरचं कुठलं तरी बटण पकडलेलं होतं. ते सोडून तो सेक्रेटरींकडे वळला. "बघितलंत साहेब? एक बटण फिरवलं फक्त."

सेक्रेटरींनी माझ्या गाण्याच्या मध्येच माइक घेतला आणि नारळ देऊन त्याचा सत्कार केला.