झोळ नसलेली वायर आणि चार महिन्यांचा निकाल

सप्रेम नमस्कार.

माझ्या इलेक्ट्रिक बाइकविषयीच्या लेखावर आपण सविस्तर आणि, स्पष्टच सांगायचे तर, खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. आपण स्वतः पुण्याजवळ वाहनांचे सुटे भाग बनवण्याच्या कामात आहात, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला बरे वाटले नाही. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, मार्चमध्ये घेतलेली बाइक चार महिन्यांत ३,१०० किलोमीटर चालवून मी ‘रचना कच्ची, भरवसा नाही’ असा निकाल दिला होता. आपले म्हणणे असे की चार महिन्यांत आणि एकाच गाडीवरून विश्वासार्हता ठरत नाही. बॅटरीने सरकारी चाचण्या पार केल्या आहेत हे मी सांगितलेच नाही. चार्जरला हात लावल्यावर झिणझिण्या येतात हा दोष मी उगाच गाडीच्या माथी मारला. आणि एकूणच माझ्यासारखे लोक नव्या वस्तूला पेट्रोलच्या जुन्या मापाने मोजतात.

झिणझिण्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपण पूर्णपणे बरोबर आहात. चार्जरच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कॅपॅसिटर बसवलेले असतात आणि ते धातूच्या आवरणाला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो, आणि नसेल तर आवरणावर मुख्य विजेच्या साधारण निम्मा दाब (व्होल्टेज) येऊन बसतो, जो ओल्या पायांनी हात लावणाऱ्याला लगेच कळतो. दारव्हा तालुक्यातल्या या गावात तीस वर्षे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे त्यांचे जळलेले वेटोळे नव्याने गुंडाळणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची मला लाज वाटली. आपली प्रतिक्रिया वाचून मी ओसरीतला बोर्ड उघडला, तर तिसऱ्या पिनला तारच नव्हती. घरामागे खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, तांब्याची पट्टी गाडून तार आणली आणि झिणझिण्या त्याच संध्याकाळी गेल्या. लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे. फक्त एक गोष्ट नोंदवतो: गाडी देताना दुकानदाराने पेढे दिले, हार घातला, फोटोही काढला, पण घरी अर्थिंग आहे का एवढे मात्र विचारले नाही.

आता चार महिन्यांविषयी. ‘रचना कच्ची, भरवसा नाही’ या वाक्यात मी दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या, ही माझी खरी चूक. विश्वासार्हता ही आकड्यांची गोष्ट आहे. हजार गाड्यांपैकी किती गाड्या किती किलोमीटरांनंतर वाटेत थांबल्या, हे ज्याच्याकडे नोंदलेले आहे त्यानेच तिच्याविषयी बोलावे, आणि ती नोंद कंपनीकडे आहे, माझ्याकडे नाही. माझी एकच गाडी एखाद्या वाईट दिवशी जोडली गेलेली असू शकते. हे मी मान्य करतो. रचनेचे मात्र तसे नाही. रचना पहिल्या दिवशी, गाडी विकत घेण्याआधी, दुकानाच्या फरशीवर उकिडवे बसून पाहता येते, आणि ती सगळ्या गाड्यांत एकच असते, म्हणून तिथे एक गाडी पुरते.

उदाहरणादाखल माझ्या गाडीचे मागचे चाक घ्या. मोटार चाकातच आहे. तिच्या तीन जाड तारा आणि सेन्सरच्या पाच बारीक तारा पोकळ ॲक्सलमधून बाहेर येतात आणि तिथून सरळ वर सीटखाली जातात. म्हणजे सीटकडून येणारे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत थेट ॲक्सलच्या तोंडात उतरते. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर आपण पाहिली असेल. भिंतीतल्या नळीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिलेला असतो, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळते आणि घरात येत नाही. लाइनमनच्या हाताखालचा पोरगाही हे पहिल्या आठवड्यात शिकतो. आमच्या चौकातल्या मेकॅनिकने गाडी स्टँडवर घेतली, चाकाशी वाकून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, या वायरले झोळ कुठी हाय?” झोळ नव्हता. तारेची लांबी वीतभर वाढवून ॲक्सलच्या खालून वळवली असती, तर काम झाले असते.

त्याच तारांची दुसरी टोके सीटखालच्या जोडणीत येतात, आणि ती जोडणी मडगार्डच्या वरच्या फटीसमोर, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी सुरू होताना मागेपुढे हिसके देऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक कोड दाखवून शेताच्या वाटेवर थांबली. जोडणी उघडली तेव्हा सेन्सरच्या पाचपैकी दोन पिनांवर हिरवा गंज चढलेला होता आणि तिच्या खाचेत काळी माती लिंपल्यासारखी बसलेली होती. चाकातले चुंबक नेमके कुठे आहेत हे सेन्सरने सांगितले नाही, तर कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यायची हे कंट्रोलरला कळत नाही, म्हणून ते हिसके. पिना घासून, ग्रीस लावून मी गाडी घरी आणली. हेल्पलाइनवर मात्र मला सांगण्यात आले की जोडणी उघडल्यामुळे वॉरंटी धोक्यात येते. आपणही तेच लिहिले आहे, आणि नियम म्हणून ते खरे असेल. पण यवतमाळचे सर्व्हिस सेंटर माझ्या घरापासून ५० किलोमीटरवर आहे, गाडी पांदणीत बंद पडलेली आहे आणि आभाळ भरून आले आहे, अशा वेळी तो नियम पाळायचा कसा, हेही त्यांनी सांगायला हवे होते. पुढे त्यांनी पूर्ण वायरिंग बदलून दिले, एक पैसाही घेतला नाही. त्याला १९ दिवस लागले. नव्या वायरिंगची जोडणीही त्याच फटीसमोर आहे.

रिवाइंडिंगच्या धंद्यात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ‘मोटार जळली’ म्हणून बोअरमधून काढून आणलेल्या कितीतरी सबमर्सिबल मोटारींचे वेटोळे मुळात ठीक असते. पाणी शिरलेले असते ते केबलच्या जॉइंटमध्ये. इलेक्ट्रिक बाइककडे पाहतानाही माझी नजर म्हणूनच मोटारीच्या ताकदीआधी जोडण्यांकडे जाते, आणि शोरूममधली मुले मला काहीतरी विचित्र गिऱ्हाईक समजतात.

चाचण्यांबद्दल आपण लिहिले ते लेखात यायला हवे होते, हेही मान्य. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्या, त्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षिततेच्या मानकाच्या अटी कडक केल्या आणि त्या दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून, लागू झाल्या. एका सेलने पेट घेतला तरी आग लगेच बॅटरीच्या साऱ्या पेटीत पसरू नये आणि बसलेल्या माणसाला वेळेत इशारा मिळावा, ही त्यांतली मोठी सुधारणा आहे, आणि आजची गाडी त्याआधीच्या गाडीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. पण हे मानक सुरक्षिततेचे आहे. पेटी पेटू नये एवढे ते पाहते. ती आठ वर्षे टिकेल की चार, हे ते सांगत नाही. पाण्याच्या चाचणीचेही तसेच. पत्रकावर छापलेल्या आयपी६७ मधला सहाचा आकडा धुळीचा आणि सातचा आकडा एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडवण्याचा. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. माझ्या गाडीत ती पेटीची आहे, आणि पेटीत खरोखरच पाण्याचा थेंब गेलेला नाही. बिघडली ती तिच्या बाहेरची दहा-वीस रुपयांची जोडणी.

चिखलाचा मुद्दा मी लेखात ओझरता मांडला होता आणि आपण त्याला ‘रस्त्याचा दोष’ म्हटले आहे. आमची काळी माती पावसात चाकाला चिकटते, मग तिच्यावर आणखी माती, आणि शेवटी मडगार्ड आणि टायर यांच्यात इतकी भरते की चाक फिरतच नाही. म्हणूनच पावसाळ्यात आमच्याकडे अनेकजण पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात. पेट्रोलच्या गाडीत अशा वेळी क्लच घसरतो किंवा इंजिन बंद पडते, आपण काडीने माती उकरतो आणि पुढे जातो. अडकलेल्या विजेच्या मोटारीचा स्वभाव वेगळा आहे: ती फिरत नसली की तिच्यात फिरण्यामुळे तयार होणारा विजेचा विरोधी दाब निर्माण होत नाही आणि ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते. जाम झालेला पंप नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर ओढतो हे मी रोज पाहतो. बाइकचा कंट्रोलर हा प्रवाह रोखतो, ही चांगली रचना झाली. पण माझ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात अंगठ्याएवढीही जागा नाही, म्हणजे ती वेळ यावी अशी सोय आधीच करून ठेवलेली आहे. रस्ता वाईट आहे हे खरेच. तो वाईट आहे हे ठाऊक असूनच इथे गाडी विकली जाते ना?

आठ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटर या बॅटरीच्या वॉरंटीवर आपला विश्वास आहे. मी तिथे थोडा हिशेब मांडतो. गाडी एका चार्जिंगमध्ये खऱ्या अर्थाने ८० किलोमीटर जाते असे धरले, तर ८०,००० किलोमीटरांना १,००० पूर्ण चार्जिंग पुरतात, आणि चांगल्या सेलला तेवढी जड जात नाहीत. पण रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या आमच्यासारख्यांना तेवढे अंतर कापायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो. त्या काळात बॅटरी चालण्याने झिजते त्याहून अधिक नुसती उभी राहून, उन्हाने झिजू शकते, कारण लिथियम सेल जितका गरम आणि जितका भरलेला, तितका त्याचा ऱ्हास जलद. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, टिनाच्या छपराखाली १०० टक्के भरून उभी केलेली गाडी म्हणजे त्या ऱ्हासाला आवतणच. म्हणून मी गाडी निंबाखाली उभी करतो, उन्हातून आल्याबरोबर प्लग लावत नाही, आणि रोजच्या कामाला ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. याआधी हे मला कोणी सांगितले नव्हते. लोह-फॉस्फेटचे सेल अशा हवेला अधिक सोसतात, तेवढ्याच विजेला जरा जड असतात, आणि खेड्यासाठी ते वजन मी आनंदाने वाहून नेईन.

जुन्या मापाचा आरोप मात्र मला लागू होत नाही. प्लगला मीटर लावून मी मोजले आहे: तीन युनिटांची बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला भिंतीतून ३.४ युनिट वीज जाते, आणि युनिटला दहा रुपये धरले तरी ८० किलोमीटर ३४ रुपयांत होतात. लिटरला ६० देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला त्याच अंतरासाठी सव्वा लिटरहून अधिक लागते. युरियाचे ४५ किलोचे पोते मागे बांधून पांदणीने गेलो, तर ८० चे ५५ होतात, तरी हिशेब गाडीच्याच बाजूने राहतो. क्लचप्लेट नाही, कार्बोरेटर नाही, आमच्या गाडीला चेनही नाही. उद्या पुन्हा घ्यायची झाली तर मी विजेचीच घेईन. तक्रार एवढीच की इतके अवघड काम साधलेल्या माणसांनी वीतभर वायर वाचवली.

लेखातले वाक्य मी आता असे बदलले आहे: ‘तारांची व जोडण्यांची रचना आमच्या पावसाला आणि मातीला कच्ची, विश्वासार्हतेविषयी एका गाडीवरून काही सांगता येत नाही.’ आपली एक विनंतीवजा सूचनाही होती, की मी याच कंपनीची नवी आवृत्ती पाहूनच पुन्हा लिहावे. ती आमच्याकडे यायला अजून वेळ आहे. आपल्या तिथे ती दुकानात उभी असेल, तर मागच्या चाकाशी डाव्या बाजूला बसून ॲक्सलमधून निघणारी तार आधी खाली जाते की सरळ वर, एवढे पाहावे आणि जमल्यास फोटो पाठवावा. तार खाली वळवलेली दिसली, तर तो फोटो मी लेखात सर्वांत वर लावीन.

आपला.