अमेरिकन क्रांती एका वाक्यात कशी उरकावी

गेल्या आठवड्यात भाचीचा इतिहासाचा पेपर घरी आला. ‘बोस्टनच्या लोकांनी १७७३ साली चहा समुद्रात का फेकला?’ या दोन मार्कांच्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, ‘कारण कंपनीचा चहा स्वस्त झाला होता, पण त्यावरचा कर तसाच होता.’ त्यावर लाल शाईची फुली. शेजारी ‘महाग!!’, दोन उद्गारचिन्हांसकट. अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. पाऊण तास बाकड्यावर काढल्यावर बाई आल्या. म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर असेलही हो, पण मॉडेल आन्सरमध्ये महाग आहे.’

तेव्हापासून मी सुधारलोय. तुमच्याही घरात कुणी हा धडा पाठ करत असेल, तर या शहाण्या झालेल्या मामाचा सल्ला ऐका.

पहिली गोष्ट, कारण एकच धरा. कर वाढला, लोक चिडले, स्वातंत्र्य मिळालं. एका दमात संपतं. फ्रान्सशी सात वर्षं लढून ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, त्यात अमेरिकेत फौज ठेवायची होती, तिचा खर्च तिथल्यांनीही थोडा उचलावा असं लंडनला वाटलं, यात तसं गैर काय, असले प्रश्न मुलांच्या डोक्यात येऊ देऊ नका. मुलं विचार करायला लागतात आणि पेपर अर्धा राहतो.

आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. १७६४ साली मळीवरचा कर सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणला, हे चुकूनही बोलू नका. कमी केला तर लोक ओरडले कशाला, असं पोरगं विचारणारच. मग सांगावं लागेल की आधीचे सहा पेन्स फारसं कुणी भरतच नव्हतं, नाक्यावरच्या साहेबाच्या हातावर काहीतरी टेकवलं की मळी बंदरातून सरळ रमच्या भट्टीवर जायची. आता तीनच पेन्स, पण खरोखर वसूल होणार होते, आणि पकडला गेलात तर खटला ज्यूरी नसलेल्या कोर्टात. दर अर्धा झाला आणि बोजा वाढला! हे समजायला दोन मार्कांत जागा कुठाय?

स्टॅम्प ॲक्ट म्हणजे पोस्टाच्या तिकिटावरचा कर, असं बिनधास्त सांगा. कोण तपासतंय.

तपासलंच कुणी तर पत्ते, फासे, वर्तमानपत्रं, खरेदीखतं, परवाने, सगळ्याला सरकारी छापाचा, कर भरून घेतलेला कागद लागणार होता, एवढं कबूल करून टाका. पण हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले यांच्यावर बसला, म्हणजे गावात सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि लोकांना एका जागी जमवणाऱ्या मंडळींवर, ही गंमत स्वतःपाशीच ठेवा. लंडनच्या अकलेचं इतकं कौतुक बरं नाही.

‘पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, तर करही नाही’ हा प्रतिनिधित्वाचा मुद्दा घोषणेपुरताच. त्यावर लंडनचं उत्तर काय होतं ते सांगत बसू नका. उत्तर असं होतं, की मँचेस्टरचाही खासदार नाही, ते कुठे कुरकुर करतात? पार्लमेंट सगळ्यांचंच आहे. त्याच पार्लमेंटात ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाचे दोन खासदार बसत होते.

ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस दोन धड्यांत येतो. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण जाणारा आणि पाच वर्षांनी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून उतरणारा माणूस एकच, हे कळू देऊ नका.

स्वातंत्र्याच्या नावाने कंठशोष करणाऱ्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, हे तर बिलकूल नको.

आता चहा. इथे खास काळजी घ्या, माझा घात इथेच झाला. चहा म्हटला की महागच म्हणायचं. ईस्ट इंडिया कंपनी, हो, तीच आपली, बुडायला आली होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. आसामचा नव्हे, चीनचा. कंपनी वाचवायला १७७३ साली कायदा केला: लंडनच्या लिलावात न विकता माल थेट अमेरिकेला पाठवा, इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत घ्या. त्यामुळे कंपनीचा चहा चोरट्या डच चहाशीही टक्कर देईल इतका स्वस्त झाला. स्वस्त, बाई! फक्त तीन पेन्सांचा कर तेवढा ठेवला. का ठेवला? पैशासाठी नव्हे. तुमच्यावर कर बसवायचा हक्क आमचाच, हे लोकांना घोटाघोटाने मान्य करायला लावायचं होतं. आणि ते पैसे जायचे कुठे? राजाने नेमलेल्या गव्हर्नरच्या पगारात! आधी त्याचा पगार तिथल्या लोकांनी निवडलेली सभा द्यायची, म्हणून तो सभेचं थोडंफार ऐकायचा. आता पगार वरून येणार, मग ऐकतो कोण? वर हा चहा विकायचा मक्ता मिळाला मूठभर लोकांना, आणि त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे! इतर व्यापाऱ्यांनी काय करायचं, कपबशा विसळायच्या? ही कंपनी बंगालमध्ये काय करून बसली हे तिकडे ठाऊक होतं. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन या वकिलाने त्याच वर्षी तिथल्या दुष्काळाचं उदाहरण देऊन लोकांना सावध केलं होतं. आपला दुष्काळ त्यांना आठवत होता, आणि आपल्या वर्गात शिकवतात काय, तर भाव वाढले!

बरं, भाव वाढले म्हणून लुटायला आलेली माणसं अशी वागतात? चहा समुद्रात फेकला त्या रात्री बोस्टनच्या लोकांनी जहाजांवर सुमारे ३४० पेट्या फोडल्या. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला, तर त्याच्याच लोकांनी त्याला पकडून लाथा घातल्या. जहाजावरचं एक कुलूप तुटलं, ते नवीन आणून दिलं. कुलूप भरून दिलं हो, कुलूप!

पुरे झाला सल्ला. मला आता हसत बोलणं जमत नाहीये.

दहा-अकरा वर्षं ही माणसं अर्ज करत होती. विलायती माल घेणं सोडलं, बायकांनी घरी सूत कातलं. सूत! हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला हवं का? चहाची शिक्षा म्हणून लंडनने बोस्टनचं अख्खं बंदर बंद केलं, गावसभा घ्यायलाही गव्हर्नरची परवानगी लागेल असा कायदा केला. गोळीबार सुरू झाल्यावरसुद्धा, जुलै १७७५ मध्ये, त्यांनी राजाला आणखी एक नम्र विनंती पाठवली. तिसऱ्या जॉर्जने ती स्वीकारलीच नाही. आणि या सगळ्याचं तुम्ही एका शब्दात लोणचं घालता, तो शब्दही चुकीचा, आणि बरोबर लिहिणाऱ्या पोरीला शून्य देता? लाज कशी वाटत नाही?

आणि तुम्ही पालक. त्या दिवशी माझ्या शेजारी बाकड्यावर दोघं बसले होते. एक म्हणाले, ‘दोन मार्कांसाठी कशाला वाईटपणा घ्यायचा?’ दुसऱ्यांनी मान डोलावली. भाची ते ऐकत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘मामा, पुढच्या वेळी महाग लिहीन, जाऊ दे.’

नाही लिहायचं. आणि बाई, पुन्हा लाल पेन उचलण्याआधी एकदा ती जकात आणि ते तीन पेन्स कागदावर मांडून वजाबाकी करा. दोन मिनिटं लागतात. मला तुम्ही पाऊण तास बसवलं होतं.