‘चाचणीच्या नावाखाली रविवार वाया गेला’ या अभिप्रायाला जाहीर उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपत्तीत बंद पडलेले सर्व्हर क्लाउडमधून सुरू करून देण्याच्या आमच्या सेवेला आपण दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, रोजचा बॅकअप होत असताना आम्ही कारखान्यातल्या सर्व्हरची क्लाउडमध्ये वेगळी प्रत ठेवायला लावली, पहिली प्रत चढायला आठवड्याहून अधिक काळ लागला, ते सर्व्हर क्लाउडमधून सुरू करून पाहण्याच्या चाचणीत एक रविवार गेला व तिचे बिल वेगळे लागले. आणि एवढे करून चार तासांत सुरू व्हायची ती ईआरपी (कंपनीचे व्यवहार आणि हिशेब सांभाळणारी संगणक प्रणाली) संध्याकाळ उलटल्यावर सुरू झाली, तिच्यातून ई-इन्व्हॉइस (जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बीजक) तर निघालेच नाही. हा घटनाक्रम बरोबर आहे. त्यावरून चाचणी फसली आणि पैसे पाण्यात गेले असा जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मात्र मला मान्य नाही. आपल्या कंपनीची ओळख पटेल असा तपशील गाळून त्याची कारणे येथे देत आहे.

बॅकअप म्हणजे डेटाची प्रत. ती परत भरायला चालू मशीन लागते, त्यावर विंडोज, डेटाबेस आणि ईआरपी यांची मांडणी लागते, आणि ते करणारा माणूस जागेवर पोहोचावा लागतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. अशा वेळी सर्व्हर रूममध्ये थेंबभर पाणी शिरले नाही, तरी वीज नाही आणि रस्ता नाही म्हटल्यावर त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क कोणाच्या उपयोगी पडणार? क्लाउडमधली प्रत त्यासाठी आहे. तरीही रोजचा बॅकअप आम्ही बंद करायला लावलेला नाही, कारण रॅन्समवेअरने (खंडणीसाठी घुसवलेल्या घातक प्रोग्रामने) फायली कुलूपबंद केल्या तर रेप्लिकेशन (सर्व्हरवरचे बदल सतत क्लाउडमधल्या प्रतीत उतरवणारी यंत्रणा) त्या कुलूपबंद फायलीच इमानेइतबारे पलीकडे पोहोचवते. म्हणून जुने रिकव्हरी पॉइंट (आधीच्या वेळेच्या प्रती) राखून ठेवावे लागतात आणि वेगळा बॅकअपही लागतो.

पहिल्या प्रतीला लागलेला वेळ हे साधे गणित आहे. 2 टेराबाइट डेटा 50 एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायचा, तर लाइन अखंड पूर्ण वेगाने मिळाली तरी पावणेचार दिवस लागतात. दिवसा आपल्या कामाला अडथळा नको म्हणून आम्ही वेग मुद्दाम कमी ठेवला होता. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो आणि तो काही मिनिटांच्या अंतराने जात असतो.

आता त्या रविवारविषयी. सर्व्हर क्लाउडमध्ये ठरल्या क्रमाने सुरू झाले: आधी डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर), मग डेटाबेस, मग ईआरपी. लॉगिनचा पडदा आला, पण आत जाता येईना. शोध घेतल्यावर दिसले की ईआरपीच्या एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेस सर्व्हरच्या नावाऐवजी कारखान्यातला जुना आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) थेट लिहिलेला आहे, आणि तो क्लाउडमध्ये चालत नाही. ही नोंद ईआरपी बसवणाऱ्यांनी कधीकाळी केलेली असावी. आपल्याकडच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख नव्हता. ती दुरुस्त केल्यावर लायसन्सने अडवले, कारण ते जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी (कार्डाच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेले होते आणि क्लाउडमधल्या मशीनला तो पत्ता नसतो. तात्पुरते लायसन्स ईआरपी कंपनीकडून मिळवण्यात उरलेला दिवस गेला, कारण रविवारी त्यांचा मदतकक्ष बंद असतो. या दोन्ही अडचणी नियोजनाच्या कागदावर दिसणाऱ्या नव्हत्या. त्या मशीन प्रत्यक्ष सुरू केल्यावरच दिसतात, आणि कारखाना व्यवस्थित चालू असताना त्या दिसल्या याचे मला मनापासून समाधान आहे. चार तास हे आपण मिळून ठरवलेले उद्दिष्ट आहे, आणि ते कुठे अडते हे मोजणे हेच पहिल्या चाचणीचे काम होते.

ई-इन्व्हॉइस निघाले नाही, कारण ते निघू नये अशीच व्यवस्था केली होती. चाचणीचे नेटवर्क बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेले होते. त्याच वेळी आपला खरा सर्व्हर कारखान्यात चालू होता आणि रेप्लिकेशनही सुरू होते. चाचणीतल्या ईआरपीने खऱ्या पोर्टलवर बीजक नोंदवले असते, तर ते खरेच बीजक ठरले असते आणि 24 तासांच्या आत रद्द करण्याची धावपळ आपल्या हिशेब विभागाला करावी लागली असती. ग्राहकांना थकबाकीचे ईमेल दोनदा गेले असते ते वेगळेच.

सुट्टीच्या दिवशी चाचणी घेणे हा आमचा हट्ट नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराने 2 मार्च 2024 रोजी, शनिवारी, खास सत्र भरवून आपले व्यवहार मुख्य केंद्रावरून आपत्तीकाळासाठीच्या पर्यायी (डीआर) केंद्रावर नेले आणि तेथून प्रत्यक्ष खरेदी-विक्री चालवून दाखवली. ज्यांच्याकडे या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, त्यांनाही ते करून पाहावे लागते.

बिलाबाबत एवढेच की, एरवी क्लाउडमधली मशीन बंद असतात आणि साठवण व प्रत्येक संरक्षित सर्व्हरमागचे शुल्क तेवढे लागते. चाचणीत ती चालू होतात, म्हणून त्या तासांचा खर्च आणि आमच्या माणसांचा दिवस वेगळा दाखवला आहे. चाचणी संपताच ती मशीन काढून टाकली. त्याची नोंद आपल्याला पाठवलेल्या अहवालात आहे.

दुसऱ्या चाचणीपूर्वी दोन गोष्टी आपल्याकडून हव्या आहेत. ईआरपी कंपनीकडून आपत्तीच्या वेळी वापरायचे पर्यायी लायसन्स लेखी मिळवावे, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे कोणाला फोन करायचा ते ठरवून घ्यावे. या वेळी ई-इन्व्हॉइसची तपासणी आम्ही चाचणीसाठीच्या सँडबॉक्स पोर्टलवर करून दाखवू. लायसन्स हाती आले की तारीख आपण सांगावी; हिशेब विभागातील एक व्यक्ती सकाळपासून आमच्यासोबत बसली, तर बीजके आणि खातेवह्या तिथल्या तिथे पडताळून घेता येतील.

आपला,
संचालक