सीआरपी उतरवलं म्हणजे आजार उतरला, असं नाही

रक्तचाचणीत मोजल्या जाणाऱ्या सीआरपी या प्रथिनाबद्दल एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: सीआरपी हे रक्तात साचणारं विष आहे आणि तेच शरीरात सूज पेटवतं. आकडा वाढला की हृदयविकार दारात आला समजा. तो खाली आणा, आजार आपोआप जातील. रिपोर्ट नॉर्मल आला तर काळजी सोडा. मी लॅबमध्ये काम करते. हा संदेश मोबाइलवर दाखवत रडकुंडीला आलेली माणसं पाहिली आहेत, म्हणून यातलं एकेक विधान तपासून घेते.

आधी 'विष'. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, तपासत होते. न्यूमोकोकस जिवाणूपासून वेगळा काढलेला 'सी' नावाचा अंश त्या सीरममध्ये मिसळला की साका खाली बसायचा. रुग्ण बरा झाला की त्याच माणसाच्या सीरममध्ये साका धरेनासा व्हायचा. 'सी'शी जुळणारं प्रथिन, म्हणून नाव पडलं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. ते बाहेरून येत नाही, कुठे साचतही नाही. आपलं यकृत ते बनवतं.

त्याची घडण मला फार सुंदर वाटते. पाच एकसारखे तुकडे कडं करून बसलेले. कड्याच्या एका बाजूला, कॅल्शियमच्या मदतीने, फॉस्फोकोलीन नावाचा रेणू पकडायची जागा असते. हा रेणू कित्येक जिवाणूंच्या अंगावर असतो आणि मेलेल्या किंवा फाटलेल्या पेशींच्या पडद्यावर उघडा पडतो. धडधाकट पेशीला सीआरपी चिकटत नाही. एकदा ते चिकटलं की कड्याची दुसरी बाजू कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांच्या साखळीला जागं करते आणि भक्षक पेशींना खूण पटते की हे गिळायचं आहे. शिवाय तेच सीआरपी फॅक्टर एच नावाचं प्रथिन जवळ ओढून त्या साखळीची शेवटची, सगळ्यात विध्वंसक पायरी आवरतं. याला विष कसं म्हणायचं?

'तेच सूज पेटवतं' हे तर उलटं झालं. आधी इजा किंवा जंतुसंसर्ग होतो. तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचं निरोप्या प्रथिन सोडतात, तो निरोप रक्तातून यकृतापर्यंत जातो आणि मग सीआरपी बनायला लागतं. साधारण सहा तासांनी आकडा हलतो, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. तोवर दाह, म्हणजे ही सूज, केव्हाच सुरू झालेला असतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध मानवी सीआरपी शिरेतून दिलं, तरी त्यांच्यात दाहाची प्रतिक्रिया उमटली नाही. हे खरं की ऊतींना आधीच मोठी इजा झालेली असेल तर सीआरपी तिथलं नुकसान वाढवू शकतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण ती आग लागल्यानंतरची गोष्ट आहे.

हृदयविकाराच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. सीआरपीचं अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली कमी जोखीम, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त, असे टप्पे धरतात. पण हे जोखमीचे टप्पे आहेत, निदान नव्हे. लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचा आजार यांनीही आकडा वर राहतो. घसा बसलेला असताना केलेल्या चाचणीवरून हृदयाबद्दल काही ठरवू नये. 10 च्या वर आला तर बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. काही जणांच्या जनुकांतच सीआरपी जन्मभर थोडं जास्त राहण्याची सोय असते, आणि मोठ्या अभ्यासांत अशा लोकांना हृदयविकार जास्त झालेला दिसला नाही. सीआरपी स्वतः कारण असतं तर तो दिसला असता. 2017 च्या कॅंटोस नावाच्या औषध-चाचणीत इंटरल्यूकिन-1 बीटा, म्हणजे इंटरल्यूकिन-6 च्याही आधीचा दाहाचा निरोप, रोखणाऱ्या औषधाच्या 150 मिलिग्रॅमच्या डोसाने हृदयाचे झटके, पक्षाघात असे प्रकार सुमारे 15 टक्क्यांनी घटले. किंमत म्हणून जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले. म्हणजे घाव घालायचा तो सीआरपीच्या वरच्या अंगाला, दाहावर.

जाता जाता: रिपोर्टवरचं एकक बघा. डेसिलिटरला 1.2 मिलिग्रॅम आणि लिटरला 12 मिलिग्रॅम एकच.

'आकडा खाली आणा' हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सीआरपीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं सीआरपी नाहीसं व्हायला लागणारा वेळ, जवळजवळ 19 तास, माणूस आजारी असो वा ठणठणीत. त्यामुळे आकडा सांगतो एवढंच, की यकृत सध्या किती बनवतंय. प्रतिजैविक लागू पडलं की तो भराभर उतरतो, कारण वरून निरोप यायचा थांबतो. आता टोसिलिझुमॅब बघा. संधिवातावरचं हे औषध इंटरल्यूकिन-6 चा निरोपच अडवतं. ते घेणाऱ्याला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी जवळपास शून्यावर असू शकतं. आकडा सुंदर आणि माणूस अत्यवस्थ.

म्हणूनच 'नॉर्मल म्हणजे निरोगी' हेही टिकत नाही. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, भडकलेला असतानाही सीआरपी बऱ्याचदा फारसं वाढत नाही. यकृत निकामी होत आलं असेल तर ते बनवणार कोण? ताप येऊन तीनच तास झाले असतील तर आकडा अजून हललेलाच नसतो. आणि आमच्या टेबलावरचीही एक गोष्ट आहे. लॅटेक्सच्या साध्या चाचणीत काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब आणि दुधासारखा पांढरा थेंब काडीने कालवायचा, स्लाइड दोन मिनिटं हलवत राहायची. सीआरपी वाढलेलं असेल तर दुधाचे रव्यासारखे कण होतात. पण ते फारच जास्त असेल तर कधीकधी कण धरतच नाहीत, थेंब निरोगी माणसाच्या थेंबासारखा एकसंध दुधाळ राहतो. म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाचा थेंब असा एकसंध दिसला, की मी सीरम पातळ करून स्लाइड पुन्हा लावते.