कार्तिकस्वामी आणि वैधव्याचे भय

दर वर्षी कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. कार्तिकेय आजन्म ब्रह्मचारी आहे, ‘कुमार’ या शब्दाचा अर्थच ब्रह्मचारी असा आहे, त्याचे दर्शन घेणाऱ्या स्त्रीला सात जन्म वैधव्य येते असा पुराणोक्त शाप आहे, आणि दक्षिणेतला दोन पत्नींचा मुरुगन हा वेगळाच देव आहे, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते. हा मजकूर वाचून कित्येक बायका देवळाच्या उंबऱ्यावरून परत फिरतात, म्हणून त्याचा नीट विचार व्हायला हवा.

आधी शापाबद्दल. कार्तिकेय अविवाहित राहिल्याची कथा खरोखरच पुराणांत आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. शिवपुराणाच्या कुमारखंडात, पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेनंतर गणेशाचा विवाह झालेला पाहून तो रागाने क्रौंच पर्वतावर निघून जातो आणि त्या दिवसापासून त्याचे कुमारत्व प्रतिष्ठित झाले, असे सांगितले आहे. परंतु त्याच ठिकाणी पुढे काय येते? कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राच्या योगावर जो स्वामीचे दर्शन घेईल, त्याचे सर्व पाप जळून जाईल आणि मनातले फळ त्याला मिळेल, असे आश्वासन येते. शाप येत नाही. त्याच पुराणातल्या मल्लिकार्जुनाच्या, म्हणजे श्रीशैलाच्या कथेत तर पुत्रस्नेहाने व्याकूळ झालेले आईवडील त्याला भेटायला जातात, अमावास्येला शंकर आणि पौर्णिमेला पार्वती. ब्रह्मचारी कार्तिकेयाच्या दर्शनाला पुराणाने ज्यांना नित्यनेमाने पाठवले आहे, त्यांत एक स्त्री आहे आणि तिचा दिवस पौर्णिमेचाच आहे.

दुसरी कथा ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात, आपल्या गोदावरीच्या तीर्थवर्णनात येते. तारकासुराच्या वधानंतर भोगात रमलेल्या कुमाराला प्रत्येक स्त्रीच्या जागी पार्वतीच दिसू लागते, तो लज्जित होतो आणि यापुढे सर्व स्त्रिया मला मातेसमान आहेत असे ठरवतो. त्याच्या वैराग्याचे याहून स्पष्ट कारण कुठले हवे? ज्याने स्त्रीमात्राला आई मानले, तो समोर आलेल्या आईचे सौभाग्य हिरावून घेतो, हे म्हणणे त्या कथेच्या थेट विरुद्ध जाते. शिवाय वैधव्याचा धाक दाखवणारे हे वाक्य विधवा स्त्रीला जणू पापाची शिक्षा भोगणारी ठरवते, आणि ते मला सर्वांत जास्त खटकते.

‘कुमार’ हा शब्द मुळात वयाचा वाचक आहे. खरे आजन्म ब्रह्मचारी कुमार म्हणजे सनक, सनंदन, सनातन आणि सनत्कुमार. भागवतात ब्रह्मदेवाचे हे मानसपुत्र प्रजोत्पत्तीला नकार देतात आणि सदैव पाच-सहा वर्षांच्या बालकांसारखे दिसतात. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या अखेरीस सनत्कुमारालाच स्कंद, म्हणजे कार्तिकेय, म्हणतात असे वाक्य आहे, त्यामुळे या दोन प्रतिमा फार पूर्वीच एकमेकींत मिसळल्या असाव्यात असे मला वाटते. पण त्या चौघांच्या भेटीसाठी वैकुंठाच्या दाराशी विष्णू येतो तो लक्ष्मीसह येतो, आणि त्यांच्या व्रताला त्याने काही बाधा येत नाही. आपल्या गावोगावच्या मारुतीचे ब्रह्मचर्यही बायकांच्या दर्शनाने कधी ढळलेले नाही.

राहिला मुरुगन वेगळा असल्याचा दावा. स्कंदाचे देवसेनेशी लग्न महाभारताच्या वनपर्वातच लागते, त्यासाठी तमिळ परंपरेपर्यंत जावे लागत नाही. उत्तरेत, आजच्या हरियाणा-पंजाबच्या भागात राज्य करणाऱ्या यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांवर एका बाजूला सहा मुखांचा कार्तिकेय आणि दुसऱ्या बाजूला देवी आहे. ती देवी षष्ठी किंवा देवसेना असावी असे अभ्यासक मानतात. तमिळनाडूत तिरुप्परंकुंड्रम हे त्याच्या आणि देवयानैच्या, म्हणजे देवसेनेच्या, विवाहाचे स्थान आहे, तर पळणीला तोच हातात दंड घेतलेला संन्यस्त बालक आहे, आणि त्या विरक्त रूपापुढेही स्त्रिया रांगा लावतात. बंगालमध्ये नवविवाहित जोडपी संततीसाठी कार्तिकपूजा करतात. ब्रह्मचारी आणि गृहस्थ ही दोन्ही रूपे एकाच देवाची म्हणून परंपरेने सांभाळली आहेत.

वनपर्वात देवसेनेची जी नावे दिली आहेत, त्यांत षष्ठी हेही एक आहे. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री नशीब लिहायला येते ती आपली सटवाई म्हणजे हीच षष्ठी. जिच्यासमोर मराठी बाळंतिणीच्या खोलीत दिवा लावून, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती महाभारताच्या हिशेबाने कार्तिकस्वामीची पत्नी आहे.